रस्त्याकडेचं रान

१४ नोव्हेंबर

ती. जाऊबाई,

धाकटीचा नमस्कार. फोनवर करायचा तर तुम्ही फोन घ्यायला हवा. तुमची लेक घेते, "आई बाहेर गेलीय, काकू" म्हणते आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. पोरीला खोटं बोलायचं वळण नाही, तिला उगाच त्रास नको. म्हणून कागद घेतला.

आधी कामाचं. तुमच्या आतल्या रानात ठिबकच्या नळ्या तशाच पडल्यात. ऊन खाऊन कडक झाल्यात, उंदरांनी दोन-चार ठिकाणी कुरतडल्यात. गुंडाळून आमच्या माळ्यावर ठेवू का? तुमची वस्तू, तुम्हाला न विचारता हात लावायचा नाही, म्हणून विचारते. हो की नाही ते लेकीकडून कळवा.

घरी सगळं ठीक. तुमच्या दिरांचा गुडघा दुखतो. रानात जायचं म्हटलं की दुखतो, पत्त्यांचा डाव पडला की बरा होतो. परवा म्हणाले, "वहिनी गेल्यापासून घर कसं भकास वाटतं." मी म्हटलं, "घरं दोन आहेत, कुठलं?" तर पत्ते पिसायला लागले.

टोमॅटोला यंदा भाव बरा आहे. सरकारच्या ठिबक योजनेची गाडी फाटकाशी येते, क्रेट उचलते आणि थेट शहरातल्या दुकानांकडे जाते. बाजारात जाऊन दलालाचं तोंड बघायला नको. योजनेचे चष्मेवाले साहेब परवा आणखी एक पाटी ठोकून गेले. 'नवे तंत्र, लहान शेतकरी' असं लिहिलंय आणि खाली माझ्या रानाकडे बाण. तुमचे दीर म्हणतात, एक दिवस हे लोक पीक उपटून पाट्याच लावतील.

जाऊबाई, मी मनात काही ठेवलेलं नाही. तुम्हीही ठेवू नका. त्या दिवशी फाटकाशी मी असं काय बोलले? तुम्ही बूड काळं पडलेला टोमॅटो हातात घेऊन आलात आणि म्हणालात, "तेच रोप, तीच नळी, तोच मल्चिंगचा कागद. मग माझंच असं का गं?" मी म्हटलं, "तुमचं लक्ष कमी पडलं असेल." एवढंच ना? घरातलं माणूस नाही बोलणार तर कोण बोलणार? तुम्ही तो टोमॅटो फाटकाच्या खांबावर ठेवलात आणि आठवड्याच्या आत रान मोकळं टाकून लेकीकडे निघून गेलात. घराची किल्लीसुद्धा शेजारणीकडे दिलीत, मला नाही. ते मला फार लागलं.

नळ्यांचं कळवा.

तुमची,
धाकटी

३० नोव्हेंबर

ती. जाऊबाई,

काही कळवलं नाहीत. नळ्या पडून आहेत.

इकडे गंमत झाली. तुमची धाकटी सिनेमात गेली! योजना आता चाळीस गावांत न्यायची म्हणतात. प्रत्येक गावात साहेब कुठून पोचणार, म्हणून सिनेमा काढून पाठवायचा. गावोगावी भिंतीवर चादर लावून दाखवायचा, लोकांनी बघायचा आणि तसं करायचं. 'आदर्श शेतकरी' म्हणून मला घेतलं. दुसरं होतं कोण? रस्त्यावरून गाडीतून न उतरता दिसतं असं रान आपल्या गावात एकच आहे.

हे मी विसरलेले नाही, जाऊबाई. वाटणी झाली तेव्हा मोठे भाऊजी होते, त्यांनीच आपणहून आतलं रान घेतलं आणि रस्त्याकडेचं आम्हाला दिलं. तेव्हा ते कुणाला नको होतं. दिवसभर गाड्यांची धूळ पिकावर बसायची. पुढे सरकारच्या गाड्या थांबायला लागतील हे कुणाला ठाऊक?

तर सिनेमा. आदल्या दिवशी साहेबांची माणसं येऊन कोमेजलेली रोपं उपटून गेली आणि त्या जागी फळं लागलेली रोपं कुंडीतून काढून रोवून गेली. तुमच्या दिरांना म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाजूला थांबा, मजूर वाटताय." दिवसभर फुगून बसले होते. आता मला हाक मारताना 'हिरॉईन' म्हणतात.

मी एका दमात बोलले. साहेब म्हणाले, मास्तरीण व्हायला हवं होतं तुम्ही. ठिबक कसं जोडायचं, मल्चिंगचा कागद कसा अंथरायचा म्हणजे तण येत नाही आणि ओल टिकते, कलमी रोप किती अंतरावर लावायचं, क्रेट कसे भरायचे. मग साहेबांनी विचारलं, "काही जणांचं पीक का फसतं?" त्यावर बोलताना तुमचाही विषय निघाला. चांगलाच निघाला, काळजी करू नका.

तुम्ही बघाल तेव्हा कळेलच. थंडी पडलीय. खोकल्याकडे लक्ष द्या.

तुमची,
धाकटी

२३ डिसेंबर

ती. जाऊबाई,

हे वाचून तुम्हाला राग येणार, ते गृहीत धरूनच लिहिते. तुमचं आतलं रान मी लावलं.

नळ्या जोडल्या, फुटक्या होत्या तिथे जोड घातले. कागद अंथरला, कलमी रोपं आणली. सगळं स्वतः केलं. तुमचे दीर एकदाच आले, बांधावर बसून म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात न विचारता शिरायचं, ह्याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "ह्याला काम म्हणतात, तुमची ओळख नाही."

का लावलं ते सांगते. पडीक रान बघवत नव्हतं, असं मी शेजारणीला सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. मला दाखवायचं होतं. साहेबांनी वाटलेल्या चिठोऱ्यावर लिहिलंय तसं अक्षरशः केलं की पीक येतं, हे तुमच्याच रानात करून दाखवायचं होतं. म्हणजे त्या दिवशी फाटकाशी मी बोलले ते उगाच नव्हतं, असं ठरेल. माल निघाला की विकून सगळे पैसे तुम्हाला पाठवणार आहे, त्यात माझं काही नाही.

आणि हे तुमच्यासारखंच करतेय. वेगळी माणसं नाहीत, वेगळी फवारणी नाही, टँकर नाही.

टँकर लिहून बसले. खोडावं म्हटलं होतं, पण खोडलेलं तुम्ही उजेडाला धरून वाचाल. तर ऐका. गेल्या हंगामात आमच्या रानात कार्यालयाचा टँकर यायचा. अधूनमधून. पाटाच्या पाण्याची पाळी लांबली की साहेब पाठवायचे, आणि तो आमच्या टाकीत पाणी सोडून जायचा. "हे प्रात्यक्षिकाचं रान आहे, वरची माणसं बघायला येतात, वाळून कसं चालेल? बाहेर बोलू नका," म्हणाले. मी बोलले नाही. त्यानं असा काय फरक पडणार होता? थोडंसं पाणी. पीक काही टँकरवर येत नाही, लक्ष देण्यावर येतं. ते मी दाखवीनच.

तुमची,
धाकटी

९ मार्च

ती. जाऊबाई,

बूड काळं पडलं.

सगळ्या फळांचं नाही, पण ज्यांचं नाही ती मोजून टोपलीभर होतील. आधी मला वाटलं कीड असेल. फवारलं. मग वाटलं खत कमी पडलं. घातलं. रोज सकाळी जाऊन झाडाखाली वाकून बघायची आणि रोज नवी काळी बुडं. पाटाचं पाणी आलं की रान चिंब होतं, पुढची पाळी येईपर्यंत कोरडं ठणठणीत. असं कधी चिंब, कधी कोरडं झालं की बूड काळं पडतं. नळ्या जोडलेल्या आहेत, पण नळीत सोडायला पाणी साठवायचं कशात? माझ्या रानात टाकी आहे आणि टाकीत टँकर. तुम्हाला योजनेनं नळ्या दिल्या, टाकी दिली नाही. मलाही कुणी दिली नसती, पण रस्त्यावरून टाकी दिसते.

एवढं समजायला मला एक अख्खं पीक लागलं. तुमचं गेलेलं धरून दोन.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. चार दिवसांपूर्वी मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. योजना कशी सुधारायची ते बघायला नेमल्यात. चष्मेवाले साहेब बरोबर होते. माझ्या रानाशी गाडी थांबली, मी नेहमीसारखे ताटात पदार्थ मांडावेत तसे क्रेट मांडून ठेवले होते. बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे मी सिनेमात बघितलं. आत कुणाची रानं आहेत? चला." साहेब म्हणाले, "आत रस्ता नाही, मॅडम." तर त्या म्हणाल्या, "पाय आहेत ना." आणि निघाल्या. मी मागून पळत.

थेट तुमच्या रानात गेल्या. वाकल्या, फळ उलटं केलं, दुसरं उलटं केलं. मग मला विचारलं, "हे रान कुणाचं?"

मी म्हटलं, "माझ्या जाऊबाईंचं. त्यांचं लक्ष नसतं हो. सांगून दमले मी."

हो, जाऊबाई. मी लावलेलं, मी पाणी दिलेलं, मी घालवलेलं पीक, आणि तोंडातून हे निघालं. विचार करून नाही निघालं. पट्कन निघालं, सवयीनं. ते जास्त वाईट.

बाई म्हणाल्या, "बोलवा ना त्यांना. त्यांच्याशी बोलते."

"त्या इथं नसतात. लेकीकडे असतात."

"कधीपासून?"

मी सांगितलं.

बाईंनी झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग हे लावलं कुणी?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, इथंच मल्चिंगचा कागद उचलून त्याच्याखाली आडवं व्हावं. "मी," एवढं म्हटलं आणि तिथंच बांधावर बसले. मग बाईही बसल्या, आणि मी सगळं सांगितलं. टँकर, टाकी, आदल्या दिवशी रोवलेली रोपं. साहेब उभेच होते. मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील, पण ते म्हणाले, "मॅडम, मला वरून विचारतात की नळ्या किती वाटल्या. पाणी कुठून येतं, हे आजवर एकदाही विचारलं नाही. आणि प्रात्यक्षिक वाळलेलं दिसलं तर माझी मान जाते." त्यांचंही तोंड एवढंसं झालं होतं.

आता सिनेमाचं. तुमचा विषय चांगला निघाला असं मी लिहिलं होतं. काय बोलले ते तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी मीच लिहिते. मी म्हणाले, "माझ्याच घरातलं सांगते. माझ्या सख्ख्या जाऊबाई. सरकारनं सगळं हातात दिलं, पण आळस केला. घरात बसून पीक येत नसतं." आणि हसले. ते हसणंही सिनेमात आहे.

बाईंना म्हटलं, सिनेमा बंद करा. त्या म्हणाल्या, "चाळीस गावांत गेलाय. थांबवायचा तर कागद चार टेबलांवरून फिरेल, तोवर पुढची लावणी होऊन जाईल. लोक तुमचं बघून नळ्या घेतील आणि तुमच्या जाऊबाईंसारखे फसतील." मी म्हटलं, मग काय करायचं? तर म्हणाल्या, "कागद हलेपर्यंत तुम्ही हलता का?"

म्हणजे मी प्रत्येक गावात सिनेमाबरोबर जायचं. सिनेमा संपला की उठायचं आणि सांगायचं की ही पडद्यावरची बाई खोटं बोलतेय, आणि ती बाई मी आहे.

मी हो म्हटलंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लोक काय म्हणतील, तोंड कसं दाखवू, असं होतंय. माझ्या जिवाला काय वाटतंय ते तुम्हाला कळेल, तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. झालं गेलं आता. तुम्ही परत या. रान तुमची वाट बघतंय.

तुमची,
धाकटी

३ एप्रिल

ती. जाऊबाई,

अकरा गावं झाली.

पहिल्या गावात मला बोलताच येईना. सिनेमात मी खदाखदा हसतेय आणि चादरीच्या बाजूला मी मान खाली घालून उभी. एक म्हातारबाबा ओरडले, "अहो, हीच ती! कशी गं बाई तू, सिनेमात जाडी दिसतेस!" सगळे हसले, मलाही हसू आलं, आणि मग बोलता आलं. टँकरचं सांगितल्यावर मात्र कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "म्हणजे सरकार आम्हाला बनवतंय?" बाई म्हणाल्या, "आजपर्यंत बनवत होतं. आता तुम्ही सांगा, तुमच्या रानात पाणी कधी येतं." मग जी माणसं बोलायला लागली ती थांबेनात.

तंत्र वाईट नाही, हे मी प्रत्येक गावात सांगते. कागद चांगला, रोप चांगलं, नळी चांगली. टाकीशिवाय नळी म्हणजे पाण्याशिवाय पोहणं. आता बाईंनी वर लिहिलंय की आतल्या चार-पाच रानांत मिळून एक टाकी द्या, नाहीतर नळ्या वाटू नका. आणि प्रात्यक्षिकाचं रान रस्ता बघून ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. माल न्यायची गाडीही आतल्या वाटेच्या तोंडाशी थांबवायची. मंजूर होईल की नाही देव जाणे. साहेबांनीही सही केली.

आमच्या फाटकाशी आता गाडी थांबत नाही. पाट्या काढून नेल्या. तुमचे दीर म्हणतात, "हिरॉईनचा सिनेमा पडला." पण ते मला बसपर्यंत सोडायला येतात, गुडघ्यासकट.

आणि एक गंमत सांगू? मला आता चांगलं जमायला लागलंय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा ते कळलंय. बाईंनी "मग हे लावलं कुणी?" विचारलं तो प्रसंग मी असा रंगवते की लोक पोट धरून हसतात. शेवटी टाळ्या पडतात. परवा एक बाई येऊन माझा हात धरून म्हणाली, "मोठं मन लागतं हो असं सांगायला." घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

पुढच्या गुरुवारी तुमच्या लेकीच्या गावात सिनेमा आहे. शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. यायचं असेल तर या. मागे बसलात तरी चालेल.

तुमची,
धाकटी

१२ एप्रिल

जाऊबाई,

तुम्ही आलात. शेवटच्या रांगेत, खिडकीशी, लेकीच्या शेजारी. वाळलात. केस किती पांढरे झालेत.

सिनेमा चालू असताना मी तुमच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी त्या वाक्याला बघितलंच. 'आळस केला' म्हणाले तेव्हा हॉलमध्ये दोघंतिघं हसली. तुम्ही सरळ पडद्याकडे बघत होतात. लेकीनं तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

मग मी उठले आणि रोजचं बोलले. रोजच्याच जागी थांबले, रोजच्याच जागी लोक हसले. तुम्ही समोर आहात म्हणून एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तेव्हा लक्षात आलं नाही. आता येतंय. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय? टाकीचं कुणी विचारलं, भावाचं कुणी विचारलं. आणि मग तुम्ही उठलात.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही मला 'अगं धाकटे' म्हणत आलात. परवा म्हणालात, "बाई, तुम्ही चाळीस गावांना सांगताय ते ऐकलं. चांगलं सांगता. त्या जाऊबाईंना काय सांगितलंत?"

कुणाला कळलं नाही तुम्ही कोण ते. पुढच्या रांगेतला एक माणूस मान डोलवून म्हणाला, "बरोबर विचारलं."

मी म्हटलं, "पत्रं लिहिली. पाच."

तुम्ही म्हणालात, "त्यांत काय लिहिलंत?"

मी पडद्याची कड सरळ करत राहिले. तुम्ही थोडा वेळ वाट बघितलीत, मग बसलात. बाईंनी विषय पुढे नेला. सभा संपली तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती. लेक दारात होती, तिनं मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर तिथं द्यायला हवं होतं. आता कागदावर देते, आणि ह्या वेळी कुणी हसेल असं त्यात काही नाही.

पाच पत्रांत मी माझंच लिहिलं. पहिल्यात तुम्हीच रुसलात असं लिहिलं. किल्ली मला दिली नाही, मला लागलं असं लिहिलं. दुसऱ्यात माझा सिनेमा. तिसऱ्यात टँकरला 'थोडंसं पाणी' लिहिलं. चौथ्यात माझी झोप उडाली, माझं तोंड, माझा जीव. पाचव्यात माझ्या टाळ्या. तुमचं काय झालं ते एकाही पत्रात विचारलं नाही. कुठे काम करता, हातात पैसा असतो का, खोकल्याचं कुणाला दाखवलं का. 'चूक तुमची नव्हती' हे तीन शब्द पाच पत्रांत कुठेही नाहीत. मी सगळी आठवून बघितली.

आणि एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही, इतक्या गावांत सांगितली नाही, तुमच्या दिरांनासुद्धा नाही. ती सांगितली असती तर कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या, मोठं मन वगैरे म्हटलं नसतं.

गेल्या हंगामात पाटाची पाळी लांबली तेव्हा तुम्ही विहिरीवरून पाणी नेत होतात. दोन हातांत दोन बादल्या. आमच्या रानाच्या कडेनं जायचात, आत जाऊन एकेका रोपाच्या बुडाशी ओतायचात आणि परत यायचात. भर उन्हात, दिवसातून किती खेपा व्हायच्या त्या तुम्हालाच माहीत. एका खेपेला पाय घसरून पडलात, बादली लवंडली. तिथंच बसून राहिलात थोडा वेळ, मग उठून पुन्हा विहिरीकडे गेलात.

हे मी पाहिलं. टँकर माझ्या टाकीत पाणी सोडत होता, टाकी भरून वरून वाहत होती आणि मी टँकरच्या आड उभी होते, तुम्हाला दिसू नये म्हणून. तुम्ही किती लक्ष देता ते मला फाटकाशी तसं बोलले त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. तुमच्यासारखं कष्ट करणारं माणूस मी बघितलं नाही. तरी मी तसं बोलले, कारण तुम्हाला खरं सांगितलं असतं तर मी आदर्श राहिले नसते. इतकी वर्षं मला कुणी काही विचारत नव्हतं आणि तेव्हा पहिल्यांदा लोक विचारायला लागले होते. ते मला सोडवेना.

पाणी वाहून चाललं होतं, जाऊबाई. एक हाक मारली असती तर तुमच्या दोन्ही बादल्या तिथंच भरल्या असत्या. मी मारली नाही.

माझं चुकलं. मला क्षमा करा.

धाकटी